पुंडलिकराव मुनेश्वरांची श्रवणभक्ती

रंजिता राठोड मॅडमनी पुंडलिकराव मुनेश्वरांना पहिल्यांदा पाहिलं, त्या दुपारी यवतमाळात असं ऊन पडलं होतं की दत्त चौकाच्या डांबरात लोकांच्या चपला रुतून राहत होत्या आणि माणसं अनवाणीच पुढे निघून जात होती. कावळे उडायचं सोडून ऑटोच्या सावलीतून चालत प्रवास करत होते. शहरातल्या कुलरांनी मिळून अख्खं धरण पिऊन टाकलं होतं. आणि नेमक्या त्याच दुपारी विद्यापीठाच्या यवतमाळ केंद्रात 'मध्ययुगीन वऱ्हाडातील जलव्यवस्थापन' या विषयावर जाहीर व्याख्यान होतं.

सभागृहात तीनशे खुर्च्या होत्या. श्रोता एक होता. तो म्हणजे केंद्राचा शिपाई उकंडा, आणि तोही चहाचा थर्मास धरून दाराशी उभा असल्यामुळे त्याला श्रोत्यात धरायचं की खानपानात, हा प्रश्नच होता. रंजिता मॅडम व्याख्यानमालेच्या समन्वयक म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. दर पाच मिनिटांनी खुर्ची बदलून बसलं तर गर्दी वाटेल का, असा विचार त्या गंभीरपणे करत होत्या. नागपूरहून आलेले वक्ते बाराव्या शतकातून थेट सतराव्यात उडी मारून मोकळे व्हायच्या बेतात होते.

तेवढ्यात दार उघडलं. उघडलं म्हणणं कमीपणाचं होईल, ते दुभंगलं. बाहेरचं ऊन आत कोसळलं आणि त्या उजेडात एक माणूस उभा राहिला. चौकटीइतका उंच, खाकी पँट, काखेत चामड्याची काळी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मिशा अशा की दोन्ही बाजूंना एकेक पोट्टं लोंबकळलं असतं. त्याने तीनशे रिकाम्या खुर्च्यांवरून शेवटपर्यंत नजर फिरवली, जणू कोणी विनातिकीट बसलंय का ते पाहतोय. मग दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर तो बसला, बॅग मांडीवर घेतली आणि वक्त्याकडे तोंड करून मान हलवू लागला.

केवढी ती मान. वक्त्याने विहीर म्हटलं, मान होय म्हणाली. वक्त्याने बारव म्हटलं, मान म्हणाली, प्रश्नच नाही. नागपूरच्या त्या गृहस्थांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी समजून घेत होतं. सतराव्या शतकाकडे निघालेले ते मागे फिरले आणि वाटेतली एकेक विहीर थांबून दाखवू लागले. आणि शेवटी त्यांनी आवाज खाली आणला, त्याच क्षणाला या माणसाने असा कडकडीत टाळ्यांचा गजर केला की उकंडाच्या हातातला थर्मास हिंदकळला.

रंजिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. असा श्रोता पुण्यातही मिळत नाही, असं वक्ते जाताना म्हणाले. ते त्या दिवशी खरंच होतं. कारण पुंडलिकराव मुनेश्वर पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत गाढ झोपलेले होते.

हे त्यांच्या खालोखाल फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, नलूबाईंना.

पुंडलिकराव एसटीत कंडक्टर होते. यवतमाळ–अमरावती, नेरवरून. या रस्त्याने त्यांनी इतकी वर्षं तिकिटं फाडली की त्यांना रस्ता पाठ होता म्हणण्यापेक्षा रस्त्याला ते पाठ होते. तिकिटं देऊन झाली, पैसे बॅगेत गेले, की दाराजवळच्या आपल्या सीटवर ते ताठ बसायचे आणि ताठच झोपायचे. गाडीच्या हादऱ्याने मान हलत राहायची, त्यामुळे ते प्रवाशांशी सहमत आहेत असं वाटायचं. पण ड्रायव्हरने थांब्याच्या अलीकडे गिअर बदलला, इंजिनाचा आवाज खाली उतरला, की डोळे उघडायच्या आधी त्यांचं तोंड उघडायचं. "चला, नेर... नेर... नेर. उतरनारे पुढं या. पिशव्या पाहून घ्या." सगळ्या नोकरीत त्यांचा एकही थांबा हुकला नाही.

मग ते निवृत्त झाले. आगाराने नारळ दिला, शाल दिली, तपासणीत रक्तदाब निघाला म्हणून डॉक्टरांनी एक गोळी दिली, आणि पाटीपुऱ्यातल्या घरी येऊन ते पलंगावर आडवे झाले. झोप आली नाही. पलंग हलत नव्हता. इंजिन नव्हतं. पंखा होता, पण तो फारच मुकाट फिरायचा. रात्रीच्या जेवणावर गोळी घेऊन ते पडायचे आणि दर घटकाभराने उठायचे. मोरीकडे जायचे, माठातलं पाणी प्यायचे, परत पडायचे, परत उठायचे. सकाळी त्यांचा चेहरा असा असायचा, जणू ब्रेक न लागणारी गाडी रात्रभर तेच हाकत होते.

नलूबाईंनी दुधात जायफळ घातलं. तळव्यांना तेल लावलं. पलंगाच्या एका पायाखालची वीट काढून घेतली, म्हणजे निदान तो डुगडुगेल. तीन दिवस पुंडलिकराव डुगडुगत जागे राहिले. मग त्यांना कोपऱ्यावरच्या रामलालच्या पिठाच्या चक्कीचा शोध लागला. चक्की डिट्टो डिझेल इंजिनासारखी घरघरायची. ते दळण घेऊन गेले आणि चक्कीच्या पाट्यावर बसल्याबसल्या झोपले. दुसऱ्या दिवशी दळण न घेताच गेले. आठवड्याने रामलालने हात जोडले.

"पुंडलिकभाऊ, तुमी आराम करा, माहं काही म्हननं नाही. पन तुमच्या अंगावर पीठ उडते अन् तुमी हालत नाही. काल दोन बाया बाहीरूनच वापस गेल्या. म्हने, रामलालच्या चक्कीत कोनाचं तरी काही झालं."

चक्की सुटली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा आला, तरी त्याच्या मागचे डोळे उघडेच. आणि मग ती मे महिन्यातली दुपार आली. पुंडलिकराव विद्यापीठाच्या केंद्रात शिरले ते फक्त थंड पाणी मागायला. दार उघडलं तर समोर खुर्च्यांच्या रांगा, मधून वाट, पुढे एक माणूस एका सुरात घरघरतोय. त्यांचे पाय आपोआप दाराजवळच्या सीटकडे वळले. विहिरींच्या पहिल्याच वाक्याला नेरचा रस्ता सुरू झाला होता.

घरी आले तेव्हा नलूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काहो, तोंडावर तेज कायचं आलं?"

"नलू," पुंडलिकराव हळूच म्हणाले, "मले झोप लागली."

"कुठी?"

"विद्यापीठात."

नलूबाईंनी पलंगाच्या पायाखाली वीट परत लावली.

तेव्हापासून केंद्राचे कार्यक्रम पुंडलिकराव सहसा चुकवत नसत. फलकावर नवं निमंत्रण लागलं की ते वाचून घरी येत आणि नलूबाई एखाद्या वैद्यासारखा विषय तपासत.

"आज काय हाय?"

"भूगर्भशास्त्र."

"मंग चांगली लागन. अन् शुक्रवारी?"

"कवी संमेलन."

"राहू द्या. कवी मधातच वरडते."

हळूहळू त्यांचा अनुभव वाढत गेला. अर्थशास्त्राची झोप खोल पण कोरडी असते. तत्त्वज्ञानाला स्वप्नं पडतात. सगळ्यात उत्तम म्हणजे पुस्तक चर्चा, कारण तिच्यात तीन माणसं आळीपाळीने तेच बोलतात आणि गाडी एकदा वेगात आली की थांबे येत नाहीत. प्रदर्शनाला मात्र ते जरा बिचकून गेले, कारण तिथे उभं राहावं लागतं. पण गर्दीच्या दिवसांत दांडी धरून उभ्याने झोपायची सवय त्यांना होतीच. चित्रप्रदर्शनात एका मोठ्या निळ्या चित्रासमोरचा कठडा धरून ते पाऊण तास उभे राहिले. चित्रकार मारेगावकडचा होता, पोरसवदा होता, आणि त्याच्या चित्रासमोर आजवर कोणी पाऊण मिनिटही थांबलं नव्हतं. तो त्यांच्या पाया पडला. त्या धक्क्याने जागे होऊन पुंडलिकरावांनी त्याला सवयीने विचारलं, "कुठं जाचं?" चित्रकाराला तो प्रश्न इतका खोल वाटला की त्याने पुढच्या चित्राला तेच नाव दिलं.

खरा चमत्कार टाळ्यांचा होता. वक्त्याचा आवाज जरा खाली आला की पुंडलिकरावांच्या आतल्या कंडक्टरला गिअर बदलल्याचं कळायचं आणि ते जागे होऊन टाळ्या वाजवायचे. कधी वक्ता खरंच संपवत असायचा. कधी नुसतं पाणी प्यायला थांबलेला असायचा. पण समोर असा माणूस टाळ्या वाजवतोय आणि मागे सगळे वाजवू लागलेत म्हटल्यावर ग्लास खाली ठेवून 'धन्यवाद' म्हणण्याखेरीज त्याला गत्यंतर नसायचं. केंद्राची व्याख्यानं वेळेत संपतात ही बातमी यवतमाळात पसरली. लोक येऊ लागले. आधी पन्नास, मग शंभर, पुढेपुढे खुर्च्या कमी पडू लागल्या. नेर रस्त्याने अप-डाउन करणारे मास्तर, बँकेतली माणसं, कॉलेजची पोरंपोरी, सगळे संध्याकाळच्या गाडीआधी तासभर येऊन बसत. पुंडलिकराव पहिल्या खुर्चीवर आहेत ना, एवढं पाहून घेत आणि निर्धास्त होत.

रंजिता मॅडमचं विद्यापीठात कौतुक झालं. आणि कृतज्ञ माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ज्याच्यामुळे भलं झालं त्याला संकटात टाकलं.

एका संध्याकाळी त्या स्वतः पाटीपुऱ्यात आल्या. केंद्राचा वर्धापनदिन होता. डॉ. सेवादास आडे यांच्या नव्या ग्रंथावर कार्यक्रम होता. आडे सर मूळचे नेरजवळच्या तांड्यावरचे, आता मोठ्या शहरात मोठे प्राध्यापक.

"आणि काका, त्याच कार्यक्रमात आम्ही तुमचा सत्कार करतोय. रसिक श्रोता म्हणून. नाही म्हणायचं नाही."

पुंडलिकराव नाही म्हणणार नव्हते. शाल आगाराचीही होती, विद्यापीठाचीही होईल.

"आणि मग तुम्ही दहा मिनिटं बोलायचं," मॅडम पुढे म्हणाल्या. "इतकी वर्षं आमच्याकडे जे ऐकलं त्याबद्दल. तुम्हाला काय-काय मिळालं, कोणतं व्याख्यान मनात राहिलं. कुलसचिव येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, आमचे मुनेश्वर काका म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय आहे."

मॅडम चहा पिऊन गेल्या. चालतंबोलतं ग्रंथालय बराच वेळ न चालता, न बोलता बसून राहिलं.

"खरं सांगून टाका," नलूबाई म्हणाल्या.

"कायले? खरं सांगतलं त खुर्ची जाईन, नलू. झोपाले कोन बसू देते? अन् खुर्ची गेली का झोप गेली. मंग मी हाय अन् मोरी हाय."

"मंग एकडाव जागून आयका. एका भाषनाचं बोलले तरी दहा मिनिटं निघते."

सल्ला बरा होता. पुढच्या व्याख्यानाला पुंडलिकराव खिशात हिरव्या मिरच्या घेऊन गेले. विषय होता 'दुष्काळ आणि समाज'. वक्त्याने तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मिरची दातात धरली. डोळे जडावले की चावायची, असा बेत होता. पण आवाज फार चांगला होता, नवीन टायरच्या गाडीसारखा, आणि तिसऱ्या वाक्याला ते मिरचीसकट झोपले. मान हलत होती तशी मिरची आपोआप चावली जात होती. झोपेतच त्यांच्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या. वक्त्याने ते पाहिलं. दुष्काळाने इतकं हललेलं माणूस त्याने कुठे पाहिलं नव्हतं. व्याख्यान संपल्यावर त्याने खाली येऊन पुंडलिकरावांना मिठी मारली, आणि त्यांना आत काय जळतंय ते सांगताही येईना.

आता उरला उकंडा. पुंडलिकरावांनी त्याला केंद्रामागच्या टपरीवर गाठलं.

"उकंडा, तू त सगळ्याच भाषनाले असतोस. काय-काय झालं होतं रे आतापर्यंत?"

उकंडाने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तुमीच त पुढं बसता."

"मी पुढून आयकतो. मागून कसं आयकू येते ते पाहून राह्यलो."

"मी मागं चहा लावत असतो, काका. मले एवढंच ध्यानात हाय का इतिहासाले पोहे असते, अर्थशास्त्राले निस्तं बिस्कूट. पुस्तक असलं का समोसा. आडे सर येऊन राह्यले त समोसा अन् गुलाबजामुन दोनी सांगतले मॅडमनी. तुमच्या सत्काराचं म्हनून."

पुंडलिकरावांना समोशाचंही वाईट वाटलं. ज्या माणसाला उद्या हाकलणार, त्याच्यासाठी गुलाबजामुन.

वर्धापनदिन उजाडला. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. नलूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, नेमक्या त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पुंडलिकरावांना मंचावर बोलावलं, समोर माइक ठेवला, आणि फोटोग्राफरने कुरकुर केली म्हणून रंजिता मॅडम वाकून म्हणाल्या, "काका, चष्मा काढता? फोटोत डोळे दिसले पाहिजेत."

चष्मा नलूबाईंकडे गेला. पुंडलिकरावांना सभेत उघडं बसल्यासारखं वाटलं. समोर एवढी माणसं, निम्मी त्यांच्याच गाडीची. पासवाली पोरं आता पोटं सुटलेले हेडमास्तर होऊन बसली होती. आधी आडे सरांचं भाषण, मग सत्कार, मग आपली दहा मिनिटं. काहीही होवो, झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दहा मिनिटांसाठी त्यांच्याजवळ एकच वाक्य होतं: 'मले इथं लय मिळालं.' ते खरंही होतं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं.

आडे सर उठले. त्यांनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य म्हटलं. तो आवाज म्हणजे चढावर लागलेली जुनी लाल गाडी होती. खोल, भरदार, एकसुरी. पुंडलिकरावांनी मांडीला चिमटा काढला. पायाची बोटं आवळली. समोर नलूबाई डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहत होत्या. मग नलूबाई जरा धूसर झाल्या, आणि नेर रस्त्याची झाडं मागे जाऊ लागली.

पुढचं पुंडलिकरावांना नंतर समजलं. नलूबाईंनी एक सांगितलं, उकंडाने दुसरं सांगितलं, आणि दोन्हींतलं जास्तीचं काढलं तर घडलं ते असं.

आडे सर बोलत राहिले. विद्वान माणूस, प्रेमाने लिहिलेला ग्रंथ, आणि तो सबंध सांगायचा त्यांचा इरादा. तास झाला. दीड झाला. प्रस्तावना संपून पहिलं प्रकरण लागलं. उकंडाने समोसे एकदा झाकले, मग उघडून पाहिले, मग परत झाकले. लोक घड्याळाकडे पाहत नव्हते, पुंडलिकरावांकडे पाहत होते. त्यांचे डोळे मिटलेले आता सगळ्या सभेला दिसत होते. काहींना वाटलं, चिंतनात आहेत. रंजिता मॅडमना पहिल्यांदाच काहीतरी वेगळं वाटलं, आणि त्यांना गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या माना एकदम आठवल्या. त्यांच्या पोटात गोळा आला. शेजारी कुलसचिव बसले होते.

तेवढ्यात आडे सरांनी पान उलटलं आणि आवाज खाली आणला. "आता आपण," ते म्हणाले, "दुसऱ्या प्रकरणाकडे..."

मंचावर टक् असा आवाज झाला. पुंडलिकरावांनी अंगठीने माइकच्या दांडीवर एक टोला दिला होता. मग डोळे मिटलेल्या अवस्थेत, चांगल्या भरल्या गाडीला पुरेल अशा आवाजात, माइकवरून घोषणा झाली.

"चला, नेर... नेर... नेर. उतरनारे पुढं या. पिशव्या पाहून घ्या."

आणि सभागृह उठलं.

ठरवून कोणी उठलं नाही. पायच उठले. वर्षानुवर्षं त्या आवाजावर उठलेले पाय होते ते. हेडमास्तरांनी वर हात करून रॅकवरची पिशवी चाचपली आणि त्यांच्या हाताला पंखा लागता लागता राहिला. बँकेतल्या बाईंनी शेजारणीला हलवून उठवलं, "चाल वं, आलं." मागच्या रांगा मधल्या वाटेत येऊन पुढे ढकलू लागल्या. आणि डॉ. सेवादास आडे यांनी ग्रंथ मिटला, पोडियमखालची बॅग उचलली, मंचाच्या पायऱ्या उतरले आणि दाराची कडी धरली. ती एसटीच्या दाराची नाही हे हाताला समजलं, तेव्हा ते थांबले.

अर्धे लोक उभे, अर्धे वाटेत. कुलसचिवही उभे होते. ते दारव्ह्याचे होते, त्यांचा नेरशी काही संबंध नव्हता, पण सगळे उतरतायत म्हटल्यावर ते उठले होते.

पुंडलिकराव जागे झाले. त्यांना इतकंच जाणवलं की गाडी थांबलीय आणि पुढे निघत नाही. डोळे उघडले तर समोर तीनशे माणसं त्यांच्याकडे पाहतायत, वक्ता दारात आहे, आणि नलूबाईंनी पदराने तोंड झाकलंय. त्यांना सगळं समजलं. खुर्ची गेली, असं त्यांनी मनात म्हटलं.

आडे सर दारातून परत आले. मंचासमोर उभे राहून त्यांनी पुंडलिकरावांना नीट न्याहाळलं.

"काका, यवतमाळ–अमरावती? संध्याकाळची?"

"हो."

"मी कॉलेजात होतो तेव्हा..."

"मागची सीट," पुंडलिकराव म्हणाले. आता लपवून उपयोग नव्हता. "निळी थैली. तोंड उघडं ठेवून झोपत होते तुमी. दोनडाव उठवलं तरी उठले नाही, त मी दंडाले धरून उतरवलं होतं नेरवर. तुमच्या बापूंनी तिथं रस्त्यावर कान धरला होता."

सभा हसली. आडे सरही हसले, पण त्यांचा हात नकळत कानाकडे गेला.

"मी तुमच्या गाडीत अख्खं कॉलेज झोपून काढलं, काका," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या एका भाषणात झोपलात. त्यात काय झालं?"

मग ते रंजिता मॅडमकडे वळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "खरं सांगू का? मला थांबताच येत नव्हतं. अजून चौदा प्रकरणं होती. पाणीही संपलं होतं."

रंजिता मॅडमनी कुलसचिवांकडे पाहिलं. कुलसचिव उकंडाच्या टेबलाकडे पाहत होते. मॅडमनी माइक घेतला, कार्यक्रम संपला असं जाहीर केलं, आणि सभेने सुटकेचा असा एक श्वास सोडला की बॅनर हलला. सत्कार समोशांच्या रांगेतच झाला. आडे सरांनी एका हाताने शाल घातली, कारण दुसऱ्यात गुलाबजामुन होता. दहा मिनिटांच्या भाषणाची कोणालाही आठवण झाली नाही. झाली असेल तर त्याने ती दाबून टाकली.

गर्दी पांगल्यावर पुंडलिकराव मॅडमजवळ गेले. काळा चष्मा परत डोळ्यांवर चढला होता.

"मॅडम, थे खुर्ची..."

"कोणती?"

"दाराजवळची."

रागवावं असं मॅडमना घटकाभरापूर्वी वाटलं असतं. आता पोटातला गोळा विरघळला होता आणि त्या जागी दोन समोसे होते.

"ती तुमचीच आहे, काका. आमचं फक्त एक म्हणणं आहे."

"काय?"

"पुढच्या वेळी एका तासात नेर आलं पाहिजे."

घरी जाताना ऑटोत नलूबाई बराच वेळ खुदुखुदू हसत होत्या. "उद्यापासून मी बी येतो," त्या म्हणाल्या. "चांगले समोसे असते तुमच्या विद्यापीठात."

पुंडलिकरावांची मान हलत होती. ऑटोचं इंजिन जुनं होतं.

नलूबाई खरंच येऊ लागल्या. महिनाभराने केंद्रात 'रक्तदाब आणि आहार' या विषयावर एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. पुंडलिकराव नेहमीसारखे झोपले. नलूबाईंनी ते ऐकलं आणि संपल्यावर डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवली. ती गोळी लघवी वाढवणारी होती आणि सकाळी घ्यायची होती. पुंडलिकराव ती रात्री घेत होते. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी घेऊ लागले. आता त्यांना घरीच झोप लागते. ते व्याख्यानाला येत नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर उकंडा पाण्याचा जार ठेवतो.